हुंडणावळीची जोखीम आणि विम्याचा हप्ता

एका मध्यम प्रतीच्या निर्यातदार कारखान्याच्या संचालक मंडळाच्या बैठकीस हजर राहण्याचा योग काही वर्षांपूर्वी मला आला होता, आणि तेथे पाहिलेला एक प्रसंग अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही. कारखान्याच्या अर्थाधिकाऱ्याने सहा महिन्यांनी येणारे डॉलर आगाऊ ठरलेल्या दराने बँकेला विकून ठेवले होते. मुदत भरली त्या दिवशी बाजारातला दर करारातल्या दरापेक्षा दीड रुपयाने चढा निघाला. आणि तेवढ्यावरून त्या गृहस्थाला, ‘तुमच्या वायद्यापायी कंपनीचे इतके लाख बुडाले’ असे भर बैठकीत ऐकून घ्यावे लागले. त्याच बैठकीत, अवघ्या पाच मिनिटांपूर्वी, गोदामाच्या आगीच्या विम्याचा हप्ता एकमताने मंजूर झाला होता, आणि गेल्या साली आग लागली नाही, सबब हप्ता वाया गेला, असा विचार एकाही संचालकाच्या मनास शिवला नव्हता. या दोन ठरावांतली विसंगती जोवर आपल्या उद्योगांच्या ध्यानात येत नाही, तोवर चलनाच्या आणि व्याजाच्या चढउतारांपासून संरक्षण देणारी साधने कितीही उपलब्ध झाली, तरी ती एकतर धूळ खात पडून राहतील किंवा, त्याहून वाईट म्हणजे, भलत्याच कामी लागतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

चलनाच्या विनिमयासाठी आपल्या भाषेत ‘हुंडणावळ’ असा एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. एका गावच्या पेढीवर लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावी वटेपर्यंत जे अंतर, जो काळ आणि जो धोका मध्ये पडे, त्या सर्वांचे मोल त्या एका शब्दात सामावलेले होते. नाणे बदलण्यात जोखीम असते आणि त्या जोखमीची किंमत कोणाला तरी चुकती करावीच लागते, हे पेढीवाल्याला कोणी शिकवावे लागत नसे. स्वातंत्र्यानंतर सरकारने रुपयाचा दर दीर्घकाळ बांधून ठेवल्यामुळे ही जाणीव हळूहळू क्षीण झाली. १९४९ साली पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाले तेव्हा ठरलेला डॉलरचा ४.७६ रुपये हा भाव पुढे जवळजवळ सतरा वर्षे टिकला. ६ जून १९६६ रोजी तो एकदम साडेसात रुपयांवर गेला. जुलै १९९१ च्या पहिल्या तीन दिवसांत रुपया दोन टप्प्यांनी पुन्हा उतरवण्यात आला. आणि मार्च १९९३ पासून हा दर ठरवण्याचे काम मुख्यत्वेकरून बाजाराकडे गेले. रिझर्व्ह बँक वेळप्रसंगी मध्ये पडत असली, तरी अमुक एका दराची हमी त्यानंतर कोणी कोणास दिलेली नाही.

रुपया नेहमी घसरतच असतो, तेव्हा निर्यातदाराने स्वस्थ बसून राहावे आणि चिंता काय ती आयातदाराने करावी, अशी एक समजूत व्यापारी वर्गात रूढ आहे. ती किती फसवी आहे हे २००७ सालाने दाखवून दिले. त्या वर्षाच्या आरंभी चव्वेचाळीस रुपयांच्या घरात असलेला डॉलर वर्ष संपण्यापूर्वीच एकोणचाळीस रुपयांच्या आसपास उतरला, आणि ज्यांचा साराच नफा विक्रीच्या पाचदहा टक्क्यांत मावतो अशा कापड, चामडे आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांचा तो नफा, मालात कोणतीही खोट नसताना आणि गिऱ्हाईकाने एक पैसाही बुडवलेला नसताना, केवळ हुंडणावळीत नाहीसा झाला. उलट ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस डॉलर अडुसष्ट रुपयांच्या पुढे गेला तेव्हा, रुपयांत उत्पन्न आणि डॉलरमध्ये कर्ज अशी अवस्था करून घेतलेल्या कंपन्यांच्या देण्यात, नवे कर्ज छदामही न घेता, अवघ्या तीनचार महिन्यांत मोठी भर पडली.

या आपत्तीवरचा उपाय मुळात अगदी साधा आहे. समजा, सोलापूरच्या टॉवेल विणणाऱ्या एखाद्या कारखानदाराला सहा महिन्यांनी दहा लाख डॉलर मिळायचे आहेत आणि आजचा दर ऐंशी रुपये आहे. भारतातील व्याजदर वार्षिक सहा टक्के आणि अमेरिकेतील चार टक्के धरला, तर बँक त्याला सहा महिन्यांच्या मुदतीचा दर सुमारे ८० रुपये ७८ पैसे देऊ शकेल. कारण बँक आजच डॉलर कर्जाऊ घेऊन विकते, त्याचे रुपये येथे व्याजाने ठेवते, आणि मुदतीअखेर कारखानदाराकडून आलेल्या डॉलरांनी ते कर्ज फेडते. हा मुदतीचा दर म्हणजे रुपया कोठे जाणार याविषयीचे बँकेचे भाकीत असते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः दोन देशांच्या व्याजातल्या फरकाचा हिशेब यापलीकडे त्यात फारसे काही नसते, आणि म्हणून मुदत भरल्यावर प्रत्यक्ष दर वर गेला काय किंवा खाली आला काय, भाकीत चुकले असे म्हणण्यास जागाच उरत नाही. कारखानदाराने टॉवेलांची किंमत सांगितली ती रुपयांत किती पडेल हे त्याला त्याच दिवशी कळले, सूत आणि मजुरी यांची बेगमी त्याला निर्धास्तपणे करता आली. त्या कराराचे प्रयोजन तेथेच संपले.

व्याजाचीही कथा अशीच आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून चार टक्के होता. मे २०२२ मध्ये तो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर जाऊन पोहोचला. ज्याने या दराशी निगडित असे दहा कोटींचे कर्ज घेतले होते, त्याच्या माथी वर्षाला पंचवीस लाखांचे जादा व्याज बसले. आपले बदलते व्याज दुसऱ्याच्या स्थिर व्याजाशी बदलून घेण्याचा, ज्याला बाजारात स्वॅप म्हणतात असा करार आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १९९९ सालीच मान्य केलेला आहे. त्यात मुद्दल जागचे हलत नाही. ठरल्या तारखेस व्याजातला तेवढा फरक एका बाजूने दुसऱ्या बाजूस दिला जातो. असे असूनही मोठ्या कंपन्या आणि बँका सोडल्या, तर हे साधन आपल्या उद्योगांत आजही परकेच आहे.

या अनास्थेचे एक कारण ‘सट्टा’ या शब्दाची दहशत हे आहे, आणि ही दहशत निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मुंबई शहराने तर ती स्वानुभवाने विकत घेतलेली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्या पैशाच्या पुरात समुद्र हटवण्याच्या योजनांचे समभाग मुदतीच्या वायद्यांवर चढत्या भावाने विकले गेले. पण १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ही त्या वायद्यांची तारीख उजाडली तेव्हा, प्रेमचंद रायचंदांसारख्या धनाढ्यासह असंख्य पेढ्यांना आपला शब्द पाळणे अशक्य झाले. त्या वेळची बँक ऑफ बॉम्बे या धक्क्यातून सावरलीच नाही. त्याच साली मुंबई इलाख्यात पैजेच्या करारांना आळा घालणारा कायदाही झाला. परंतु त्या वायद्यांच्या पाठीशी कोणाचा माल होता, कोणाचे येणे होते, हा प्रश्न विचारला म्हणजे त्या प्रकरणाचे खरे स्वरूप उघड होते: विकणाऱ्यापाशी समभाग नव्हते आणि घेणाऱ्यापाशी पैसा नव्हता. ज्याचे दहा लाख डॉलर खरोखर यायचे आहेत, त्याने ते आज विकून ठेवणे आणि ज्याचे काहीच यायचे नाही, त्याने ते विकणे, या दोन कृत्यांचे दस्तऐवज शब्दशः सारखे असतील, परंतु पहिल्याने आपल्यावरची जोखीम उतरवलेली असते आणि दुसऱ्याने नसलेली अंगावर घेतलेली असते. आणि हे एकदा मान्य केले, तर ज्याचे डॉलर यायचे आहेत आणि जो ते जाणूनबुजून उघडे टाकतो, तोही दरावर पैजच लावतो, हेही मान्य करावे लागते.

ही सीमारेषा पुसली गेली म्हणजे काय होते, याचे आपल्या देशातले सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा २००७-०८ चेच आहे, आणि ते मला विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण त्यातून आपण पुरेसे शिकलो आहोत असे मला वाटत नाही. रुपया वधारत होता, निर्यातदार हवालदिल झाले होते, आणि अशा वेळी काही बँकांचे अधिकारी त्यांच्यापुढे असे करार घेऊन गेले, ज्यांत आरंभी एक छदामही द्यावा लागत नव्हता, उलट कधी कधी हातात काही रक्कम पडत होती किंवा डॉलरला बाजाराहून बरा दर मिळत होता. अट एवढीच, की डॉलर आणि स्विस फ्रँक, किंवा डॉलर आणि येन, यांच्यातला दर अमुक एका पातळीला भिडता कामा नये. भिडला, तर मात्र निर्यातदार मोठ्या रकमेचे डॉलर तोट्याच्या दराने घेण्यास बांधलेला असे. तिरुपूरचा होजिअरीवाला स्वित्झर्लंडच्या चलनात काय विकत होता? त्याचे येणे डॉलरमध्ये, त्याचा खर्च रुपयांत. फ्रँकशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जो विमा उतरवण्यासाठी म्हणून गेला होता तो स्वतःच विमा विकून आला होता, आणि हाती पडलेली ती चिमूटभर रक्कम हा त्याला मिळालेला हप्ता होता. २००७ च्या मध्यास डॉलरला सव्वा फ्रँकच्या आसपास असलेला भाव मार्च २००८ मध्ये एका फ्रँकच्याही खाली गेला, आणि अनेक कारखान्यांवर त्यांच्या कित्येक वर्षांच्या नफ्याहून मोठी देणी एकाएकी उभी राहिली.

यांपैकी तमिळनाडूतल्या एका साखर कंपनीचा आपल्या बँकेशी झालेला तंटा मद्रास उच्च न्यायालयापुढे गेला. जून २००७ मध्ये केलेला फ्रँकवरचा करार निव्वळ पैज आहे, सबब तो रद्दबातल ठरवावा, असे कंपनीचे म्हणणे होते. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण जाणत्या कंपनीने डोळे उघडे ठेवून केलेली सही तोटा झाल्यावर मागे घेता येऊ लागली, तर कोणताच व्यापारी करार टिकणार नाही. परंतु बँकांचे वर्तन निर्दोष होते असा त्याचा अर्थ नव्हे. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने एकोणीस बँकांना दंड केला. करार गिऱ्हाईकास सोयीचा आहे की नाही याची पारख न करणे, जोखमीविषयी काही धोरणच नसलेल्या कंपन्यांना असे करार विकणे, आणि त्यांच्यामागे खरा व्यवहार आहे की नाही हे न पडताळणे, असे ते दोष होते. दंडाची रक्कम मात्र बँकेगणिक पाच ते पंधरा लाख रुपये इतकीच होती. ज्या करारांनी कारखान्यांवर कोट्यवधींची देणी चढवली, त्यांच्या संदर्भात ही रक्कम पाहताना मला आजही खेद होतो.

तरीही सारा दोष बँकांच्या माथी मारून मोकळे होण्यास मी तयार नाही. फुकटच्या कराराची भुरळ अर्थाधिकाऱ्याला का पडते, या प्रश्नाचे उत्तर आरंभी सांगितलेल्या त्या बैठकीत आहे. साध्या मुदतीच्या करारात दर उलट गेला की ज्याला चारचौघांत जाब द्यावा लागतो, आणि डॉलर खाली गेल्यास काय घडू शकले असते याचे श्रेय ज्याला कधीच मिळत नाही, आणि त्याने हप्ता देऊन ऑप्शन घेतला, म्हणजे दर प्रतिकूल झाला तरच वापरायचा हक्क विकत घेतला, तर तो हप्ता ज्याच्या नावावर निव्वळ खर्च म्हणून मांडला जातो, तो मनुष्य आज ना उद्या असा करार शोधणारच, ज्यात खर्च दिसत नाही. संरक्षणासाठी केलेल्या कराराचा नफातोटा वेगळा काढून पाहणे हीच मूळ चूक आहे. त्या सोलापूरच्या कारखानदाराच्या करारावर डॉलरमागे दीड रुपयाचा ‘तोटा’ झाला, तर त्याच क्षणी त्याच्या दहा लाख डॉलरांच्या येण्यावर दीड रुपयाचा लाभही झालेला असतो. दोन्ही एका ओळीत मांडले तर शिल्लक तीच राहते, जी त्याने पहिल्या दिवशी गृहीत धरली होती. म्हणून संचालक मंडळाने लेखी ठराव करून आधीच सांगावे, की येण्याचा किंवा देण्याचा इतका हिस्सा, इतक्या मुदतीपर्यंत, अमुक प्रकारच्याच करारांनी सुरक्षित करावा. आणि नंतर त्या ठरावाचे पालन झाले की नाही, एवढेच विचारावे.

मोठ्या कंपन्यांचे एक वेळ भागून जाईल. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने, ज्या कर्जदाराची परकीय चलनातली जोखीम उघडी आहे त्याच्यासाठी बँकांनी जादा तरतूद करावी असा नियम केल्यापासून, त्यांना निदान बँकेकडून तरी विचारणा होते. मला अधिक काळजी वाटते ती नाशिकच्या द्राक्ष-निर्यातदाराची आणि इचलकरंजीच्या छोट्या कापड-व्यापाऱ्याची. द्राक्षांची पेटी युरोपच्या बंदरात उतरून तिचे पैसे बहुधा युरोत हाती येईपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि या अवधीत दर कोठे जाईल हे विचारण्यासाठी त्याच्यापाशी अर्थाधिकारी नाही, तालुक्याच्या शाखेतला व्यवस्थापक आहे. हा व्यवस्थापक त्याला विनिमयाचा जो दर सांगतो, त्यात बँकेची कमाई किती हे लहान गिऱ्हाईकाला आजवर बहुधा कळतच नसे. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशनने एफएक्स-रिटेल हा मंच सुरू केला. त्यावर बँकेच्या सामान्य ग्राहकाला बाजारातला डॉलरचा खरा भाव पाहून व्यवहार करता येतो, आणि बँकेला आपले शुल्क वेगळे सांगावे लागते. ही व्यवस्था होऊन वर्षे लोटली, परंतु शाखेच्या भिंतीवर मुदत ठेवींचे आणि सोनेतारणाचे फलक जसे ठळक लावलेले असतात, तसा तिचा एखादा फलक मी अद्याप पाहिलेला नाही. निर्यातीचे कर्ज मंजूर करताना, त्या येण्याचा मुदतीचा दर आणि त्यावरचे बँकेचे शुल्क गिऱ्हाईकाला मराठीत, लेखी, त्याच कागदावर देण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने करावी. पुढच्या द्राक्षहंगामापूर्वी ती करण्यास कोणतीही अडचण मला दिसत नाही.