खिडकीची मूठ हातात येते तेव्हा

पहिला मोठा पाऊस पडला की घरोघरी एक प्रसंग हमखास घडतो. दोरीवरचे कपडे घाईघाईने आत घेऊन गृहिणी खिडकी लावायला जाते. झडप चौकटीत बसत नाही. ती जरा जोर लावते, 'कट्' असा आवाज होतो आणि मूठ हातात येते! बाहेर सरी कोसळत असतात, म्हणून तेवढ्यापुरती सुतळी आणून झडप गजाला बांधली जाते. संध्याकाळी घरातली सगळी मंडळी ती सुतळी पाहतात. 'रविवारी बघू', असे ठरते. रविवार येतो आणि जातो. दिवाळीच्या साफसफाईत जुनी सुतळी काढून नवी बांधली जाते. मोडकी मूठ मात्र खिडकीच्या कट्ट्यावर तशीच पडून राहते.

यात हसण्यासारखे काही असले, तरी सुतळीने बांधलेली खिडकी ही नुसती गैरसोय नव्हे. तळमजल्यावर ती चोराला आमंत्रण ठरते. वरच्या मजल्यावर गज नसलेली खिडकी नीट लागत नसेल आणि घरात रांगते मूल असेल, तर तिच्याखाली ठेवलेला दिवाण किंवा स्टूलही धोक्याचा होतो. सर्वांत गंभीर गोष्ट न्हाणीघराची. अनेक घरांत तिथे गॅसवर चालणारा गिझर असतो. गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसू लागेपर्यंत आंघोळ करणाऱ्या माणसाच्या अंगातून दार उघडण्याचीही ताकद जाऊ शकते. म्हणून न्हाणीघराची खिडकी अडकून बसली असेल किंवा बांधून ठेवली असेल, तर ती उघडती होईपर्यंत आत गॅसचा गिझर लावूच नये. खरे तर असा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असणेच उत्तम. छोट्याशा मुठीचे महत्त्व ते एवढे!

दोष मुठीचा की झडपेचा?

मूठ तुटली की नवी आणून बसवावी, असा सरळ विचार मनात येतो. पण बहुतेक वेळा मूठ ही रोगाचे कारण नसते, ते नुसते लक्षण असते. झडप अडते, म्हणून हात जोर लावतो आणि तो जोर शेवटी मुठीवर येतो. मूळ कारण तसेच ठेवून नवी मूठ बसवली, तर पुढच्या पावसाळ्यात तीही हातात येणार.

तेव्हा बाजारात जाण्याआधी पाच मिनिटे खिडकीकडे नीट पाहावे. झडप मुठीशिवाय, कडेला धरून हलक्या हाताने लावून पाहावी. ती सहज बसली, तर दोष मुठीचा. अडली, तर एक जुने पोस्टकार्ड किंवा लग्नपत्रिकेचा कपटा झडप आणि चौकट यांच्या फटीतून चहूबाजूंनी फिरवावा. जिथे तो अडकेल, तिथे झडप घासते आहे. खालच्या कोपऱ्यात घासत असेल, तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन झडप खाली उतरलेली असते. ते घट्ट केले की निम्मे काम होते. सगळ्या कडेनेच घासत असेल, तर लाकूड फुगलेले असते किंवा वर्षानुवर्षे एकावर एक चढवलेल्या रंगाचे थर जाड झालेले असतात.

फुगलेल्या झडपेवर भर पावसाळ्यात रंधा मारण्याचा मोह टाळावा. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या दिवसांत पुन्हा आकसते. जुलैत तासलेली झडप जानेवारीत एवढी सैल होते की फटीतून वारा शिट्टी घालतो. पावसाळ्यात घासणाऱ्या जागी मेणबत्ती फिरवून वेळ निभावावी. तासायचे ते हवा कोरडी झाल्यावर आणि तेही बेताने. तासलेल्या उघड्या कडेला लगेच रंग किंवा पॉलिश द्यावे, नाहीतर तीच कड पुढच्या वर्षी आधी पाणी पिते.

लाकडी खिडकी : काडेपेटीचा उपाय

लाकडी खिडकीच्या बाबतीत मूठ क्वचितच तुटते. ती निखळते, कारण स्क्रूची भोके मोठी झालेली असतात. अशा वेळी अनेकजण त्याच भोकात आणखी जाड स्क्रू पिळतात. तो मुठीच्या भोकात नीट बसत नाही, त्याचे डोके वर राहते आणि लाकडाला चीर जाते ती वेगळीच.

त्याऐवजी भोकातला भुसा झटकून घ्यावा. काडेपेटीतल्या दोन-चार काड्यांची गुलाची टोके मोडून टाकावीत, काड्यांना फेव्हिकॉल लावून त्या भोकात घट्ट ठोकून बसवाव्यात आणि बाहेर आलेला भाग ब्लेडने कापून टाकावा. रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी खिळ्याने किंवा बारीक गिरमिटाने मधोमध छोटे भोक पाडून मूळच्याच मापाचा स्क्रू पिळावा. स्क्रूवर थोडा साबण किंवा मेण घासले, तर तो सहज आत जातो. भोक फारच मोठे झाले असेल, तर काड्यांऐवजी लाकडाची खुंटी तासून बसवावी.

पितळी मुठीला पितळी स्क्रू शोभतात; पण पितळ मऊ असते. कठीण सागवानात पितळी स्क्रू थेट पिळला, तर त्याचे डोके तुटून देठ आतच राहतो. जुने सुतार यावर एक युक्ती करतात. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून वाट तयार करायची, तो काढायचा आणि मग त्या जागी पितळी बसवायचा.

टॉवर बोल्ट लागत नसेल, तर तो बदलण्याआधी चौकटीतले भोक तपासावे. बहुतेक वेळा त्यात धूळ, रंग आणि मुंग्यांनी आणलेली माती भरलेली असते. एका लांब खिळ्याने ते कोरून साफ केले की बोल्ट पुन्हा पहिल्यासारखा बसतो. झडप उघडी धरून ठेवणारा हूकही विसरू नये. तो नसला, तर वाऱ्याच्या एका झोतासरशी झडप आपटते आणि काचेचा चुरा होतो.

लोखंडी खिडकी : गंजाशी गाठ

जुन्या सरकारी वसाहती, रेल्वेची घरे, बँकांच्या कॉलन्या, अशा कितीतरी ठिकाणी लोखंडी चौकटीच्या खिडक्या आजही आहेत. त्यांच्या मुठीचे टोक चौकटीवरच्या पट्टीमागे जाऊन झडप आवळून धरते. खाली भोके असलेली साधारण ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी असते. तिचे भोक खुंटीत अडकवून झडप हवी तेवढी उघडी ठेवता येते.

इथे दोन तक्रारी नेहमीच्या. पहिली, मूठ इतकी सैल होते की आपल्याच वजनाने खाली पडते. ती नटाने बसवलेली असेल, तर पातळ वॉशर घालून नट आवळावा. रिव्हेटने बसवलेली असेल, तर हे काम फॅब्रिकेटरकडे सोपवावे. दुसरी तक्रार गंजाची. पूर्वी घरात रॉकेल असे आणि त्याचे चार थेंब पुरत. आता हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवणाऱ्या तेलाचे छोटे फवारे मिळतात. तेल सोडून निदान अर्धा तास थांबावे. मग स्क्रू एकदम उलटा न फिरवता आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा आणि नंतर सोडवावा. गंजाची पकड अशी लवकर सुटते. स्क्रूची खाच झिजली असेल, तर हॅकसॉच्या पात्याने नवी खाच पाडता येते. हातोडी मात्र वापरू नये. काच त्याच चौकटीत बसलेली असते आणि तिला धक्का सोसत नाही. वेल्डिंग करावे लागले, तर कारागिराला आधी जवळची काच उतरवायला सांगावे.

काम झाले की गंज पॉलिश पेपरने खरवडून, प्रायमर लावून मगच रंग द्यावा. गंजावर चढवलेला रंग म्हणजे घाणीवर घातलेली चादर. मुठीच्या सांध्यात रंग जाऊ देऊ नये, तिथे तेलाचा एक थेंब पुरे.

सरकत्या खिडक्या

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत मूठ किंवा लॅच तुटते ते सहसा चाकांमुळे. खालच्या रुळात माती, केस, कबुतराची पिसे साचतात. चाके फिरेनाशी होतात आणि जड काच त्या छोट्याशा लॅचला धरून ओढली जाते. म्हणून रूळ जुन्या टूथब्रशने साफ करावा. तेल किंवा ग्रीस घालू नये, त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. सिलिकॉनचा हलका फवारा चालतो. रुळाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, तीही काडीने मोकळी करावीत. पावसाचे पाणी खिडकीतून घरात येते, त्याचे कारण पुष्कळदा ही बुजलेली छिद्रेच असतात.

लॅच बदलताना स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्यावेत. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी साधे लोखंडी स्क्रू स्वतः तर गंजतातच, पण त्यांच्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियमही खातात. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, तर हा प्रकार सुरू झाला, असे समजावे.

नव्या इमारतींत यूपीव्हीसीच्या खिडक्या आल्या आहेत. त्यांतल्या उघडझाप करणाऱ्या झडपांची मूठ बदलणे सोपे असते. मूठ आडवी, म्हणजे उघडण्याच्या स्थितीत आणावी. तिच्या बुडाशी असलेले छोटे झाकण बाजूला फिरवले की खाली दोन स्क्रू दिसतात. ते काढले की मूठ बाहेर येते. तिच्या मागे एक चौकोनी दांडी असते. तिची जाडी बहुधा ७ मिलिमीटर आणि दोन स्क्रूंमधले अंतर बहुधा ४३ मिलिमीटर असते; पण दांडीची लांबी निरनिराळी असते, ती मोजूनच नवी मूठ घ्यावी. मूठ नुसतीच गरगर फिरते आणि झडप उघडत नाही, असे असेल, तर दोष आतल्या यंत्रणेत असतो. ते काम जाणकाराचे.

खरेदीला जाताना

दुकानात जाताना मोडकी मूठ आणि तिचा एक स्क्रू बरोबर न्यावा. दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहावे. झडप डावीकडे उघडते की उजवीकडे, हेही लिहावे, कारण काही मुठी एकाच बाजूच्या असतात. घरातून मोबाइलवर फोटो काढून नेला, तर दुकानदाराशी होणारी निम्मी चर्चा वाचते. मूठ हातात तोलून पाहावी. पोकळ, हलकी मूठ चकाकते फार, टिकते कमी. जुन्या वाड्यातली किंवा चाळीतली पितळी मूठ मात्र सहसा टाकू नये. चिंचेच्या कोळाने घासून, स्वच्छ धुऊन आणि कोरडी पुसून ती पुन्हा बसवली, तर आणखी एक पिढी काढते.

हे विसरू नये

• वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून काम करू नये. सरकती झडप रुळातून उतरवण्याचे काम तर एकट्याने मुळीच करू नये. आतून होईल तेवढेच घरी करावे, उरलेले कारागिराकडे द्यावे.

• घरात लहान मूल असेल, तर झडप चार इंचांपेक्षा, म्हणजे १० सेंटीमीटरपेक्षा कमी उघडेल असा अटकाव बसवावा. खिडकीखालचे चढता येईल असे सामान हलवावे.

• खिडकीला कुलपाची मूठ किंवा कुलपाची जाळी असेल, तर किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही, पण घरातल्या सर्व मोठ्या माणसांना अंधारातही सापडेल अशा ठरावीक जागी ठेवावी. आग लागली, तर तीच वाट असते.

• स्क्रू ड्रायव्हर, पकड, पॉलिश पेपर, मेणबत्ती, फेव्हिकॉल आणि मोजपट्टी एका डब्यात एकत्र ठेवावी. हत्यार शोधण्यातच निम्मे रविवार वाया जातात.

घरातल्या वृद्धांचा विचारही या निमित्ताने व्हावा. संधिवाताने आखडलेल्या बोटांना छोटी, गोल घुंडी फिरवता येत नाही. आजींना पहाटे खिडकी उघडून गार हवा घ्यायची असते. पण त्या कुणाला उठवायला संकोचतात आणि तशाच बसून राहतात. त्यांच्या खोलीत लांब दांडीची मूठ, हाताला सहज येईल अशा उंचीवर बसवली, तर खर्च थोडाच येतो. पण आपली खिडकी आपण उघडण्याचे समाधान त्यांना रोज मिळते.

मे महिन्यातला एक रविवार यासाठी राखून ठेवावा. घरातल्या सगळ्या खिडक्या एकदा उघडून आणि लावून पाहाव्यात, ढिले स्क्रू आवळावेत, कट्ट्यावर पडलेली ती मूठ जागच्या जागी बसवावी. मग पहिला पाऊस आला की घरातल्यांना सुतळी शोधत धावावे लागणार नाही. खिडकीशी उभे राहून पाऊस बघायला ते मोकळे!