आपला पोट्टा कितवा आला?

१९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ नावाची सायकल शर्यत झाली. रील्समधून तुमच्यापर्यंत ती पोहोचली असेलच. एकूण ४३७ किलोमीटर, म्हणजे वाशिमहून पुण्याला जायला जेवढं अंतर पडतं जवळपास तेवढंच. आधी एक छोटा प्रोलॉग, मग चार टप्पे. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती असा सगळा घाट-चढ-उताराचा मुलूख. तुमच्या ग्रुपवर कुणी याची लिंक टाकली असेल, तर खाली पहिला प्रश्न काय आला असेल ते मी न बघता सांगतो : “अबे, आपला पोट्टा कितवा आला?”

पिवळी जर्सी काही आपल्या पोट्ट्याच्या अंगावर नव्हती. एवढं कळलं की ग्रुपवर विषय संपतो आणि क्रिकेट सुरू होतं. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. प्रश्न चुकीचा नाही, पण पेरणीच्या दुसऱ्याच दिवशी सोयाबीनचा उतारा विचारावा तसा आहे.

या शर्यतीचा दर्जा होता २.२. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या हिशेबात पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत आणि दुसरा २ म्हणजे तिची पायरी. कॅलेंडरमधली ही सगळ्यात खालची पायरी, आणि भारतात या पायरीवरची अशी शर्यत पहिल्यांदाच झाली. आजवर आपल्या पोरांना असे गुण कमवायचे तर विमानाचं तिकीट काढून परदेशात जावं लागायचं. ऑलिम्पिकच्या रोड रेसमध्ये देशाला जागा मिळते ती याच गुणांच्या हिशेबावर. म्हणून कितवा आला यापेक्षा पाचही दिवस टिकले किती जण, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, पाच-पाच तास सायकली पळताना काय बघायचं? बघायचं असतं ते समोर दिसत नाही, हीच तर या खेळाची गंमत. शंभर-दीडशे जण एका घोळक्यात चालतात त्याला पेलोटॉन म्हणतात. पुढचा वारा कापतो आणि मागच्याची तीसेक टक्के ताकद वाचते. म्हणून जिंकणारा माणूस बहुतेक वेळ पुढे दिसतच नाही. त्याच्यासाठी वारा खाणारे, मागच्या गाडीपाशी जाऊन बाटल्या भरून आणणारे, वेळ पडली तर स्वतःचं चाक काढून देणारे सहकारी असतात. त्यांना फ्रेंचमध्ये ‘डोमेस्टिक’ म्हणतात, आपल्या भाषेत सरळ घरगडी! दोन टप्पे बघून झाले की तुमची नजर आपोआप या घरगड्यांकडे जायला लागते. मागे पडलेल्या शेवटच्या दहा-बाराजणांकडेही जाते. त्यांना ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचायचंच असतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी.

हंगामाच्या सुरुवातीच्या शर्यती तर शिकायला उत्तम. ऑस्ट्रेलियातली ‘टूर डाउन अंडर’ घ्या. दर जानेवारीत ॲडलेडच्या आसपास होते. तिथलं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा पाच तास पुढे असतं, त्यामुळे टप्प्याचा शेवट आपल्याकडे सकाळच्या लेक्चरच्या वेळी येतो (हे मी कोणत्याही प्राध्यापकांना सांगितलेलं नाही). तिथे डोंगर फार मोठे नाहीत, सगळी मारामारी सेकंदांची. टप्पा जिंकला की वेळेतून १० सेकंद वजा, दुसऱ्याचे ६, तिसऱ्याचे ४. २०१४ मध्ये सायमन गेरन्सनं कॅडेल इव्हान्सला फक्त एका सेकंदानं हरवलं. २०१२ मध्ये गेरन्स आणि आलेहांद्रो वाल्वेर्दे यांची वेळ सारखी निघाली आणि २०१८ मध्ये डॅरिल इम्पी आणि रिची पोर्ट यांचीही. दोन्ही वेळा मग रोज कोण कितवा आला होता ते नंबर काढून निकाल लागला. आठवडाभर सायकल मारून शेवटी हिशेब वहीत!

हे सगळं आपल्याला परकं आहे असं समजू नका. शंकरपटात काही सेकंदांच्या धावेसाठी आपली माणसं दिवसभर उन्हात उभी राहतात. कुठली जोडी कुणाची, मागच्या पटात तिनं किती वेळ लावला, हे त्यांना तोंडपाठ असतं. शेगावची पालखी पातूर, मेडशी, मालेगाव, रिसोड करत जाते तेव्हा लोक पाणी-चहा घेऊन रस्त्याच्या कडेला थांबतात. पालखीची गोष्ट श्रद्धेची आहे, तुलना नको. पण रस्त्याकडेला उभं राहून, पुढे सरकून जाणाऱ्याची वाट बघायची ही सवय आपल्याकडे आहे, आणि सायकल शर्यतीच्या चाहत्याला तेवढीच लागते. ना तिकीट, ना स्टेडियम.

आधी खेळाडू की आधी चाहते? मी म्हणेन, चाहते. इरिट्रिया बघा. इटलीच्या राजवटीत तिथे सायकल आली, राजवट गेली तरी वेड राहिलं. शर्यत असली की राजधानी अस्मारात रस्त्याच्या दुतर्फा गर्दी. २०१५ मध्ये त्यांच्या डॅनियल तेकलेहायमानोतनं टूर द फ्रान्समध्ये काही दिवस घाटाच्या राजाची ठिपक्यांची जर्सी घातली. २०२४ मध्ये बिनियाम गिरमायनं तीन टप्पे आणि हिरवी जर्सी जिंकली. मधल्या नऊ वर्षांत आणि त्याआधीच्या कितीतरी वर्षांत तिथले लोक हरणाऱ्या पोरांसाठी रस्त्यावर उभे राहतच होते. ‘घाटाचा राजा’ हा शब्द आपल्यालाही नवा नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला हा किताब कधीपासून मिळतोय. आणि आपल्या विदर्भातलंच सांगायचं तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांचं नाव तुमच्या वर्गात किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

चाहता म्हणजे टाळ्या वाजवणारा एवढंच नाही, भांडणाराही. पुण्याच्या शर्यतीसाठी रस्ते नव्यानं डांबरले गेले. त्यावर मित्र म्हणाला, “वाशिमातही ठेवा ना एखादा टप्पा, निदान डांबर तरी पडेल.” हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता समृद्धी महामार्ग, आणि त्यावर सायकलला बंदी. वेगाचा विचार केला तर ते बरोबरच आहे, पण मग सायकलनं जायचं कुठून, तर ट्रकच्या बाजूनं, साइडपट्टीच्या गिट्टीवरून.

दुसरं भांडण मला जास्त जवळचं आहे. पुण्याची शर्यत फक्त पुरुषांची होती. आपल्या जिल्ह्यात रोज खरोखर सायकल चालवतं कोण? सकाळी कारंजा, मानोरा, मंगरुळपीर, कुठल्याही रस्त्यावर बघा : मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळकरी मुली, चार-पाच जणींच्या रांगेत. समोरून वारा आला की मागची पुढचीच्या आडोशाला जाते, थोड्या वेळानं पुढची मागे येते. पेलोटॉनचं शास्त्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही. बारावी झाली की सायकल धाकट्या बहिणीकडे जाते किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकते. फ्रान्समध्ये २०२२ पासून ‘टूर द फ्रान्स फाम’ ही महिलांची शर्यत होते. पुण्यात पुढच्या वेळी महिलांचा एक तरी टप्पा ठेवा, असं आयोजकांना लिहायला आपल्याला सायकलपटू असावं लागत नाही.

हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय. फेब्रुवारीअखेर ‘टूर दु रवांडा’ आहे. हजार टेकड्यांचा देश, शाळेतली पोरं चढाच्या कडेला रांगा लावून उभी. रवांडाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर निवांत बघता येईल. मार्चमध्ये ‘पॅरिस-नीस’, पॅरिसच्या थंडीतून समुद्राकाठच्या उन्हाकडे. त्याचे टप्पे आपल्या जेवणाच्या वेळेला संपतात. पहिल्या दिवशी यादीतून एक नाव निवडा, शक्यतो कुणाला माहीत नसलेलं, एखाद्या घरगड्याचं. रोज रात्री निकाल उघडला की वरून नाही, खालून वाचायला सुरुवात करा. तो वेळेत पोहोचला का ते बघा, आणि ग्रुपवर टाका.