खारे आणि मतलई

नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण झाला, तरी कोकणचा जाणता तांडेल गलबत लगेच दूर दक्षिणेस हाकारीत नसे. नैर्ऋत्येचा जोर पुरता ओसरू देई. आश्विनापासून मग त्याचा प्रवास दोन वाऱ्यांच्या भरवशावर चाले. दिवसा जमीन तापली की वायव्येकडून खारे वारे येतात. उत्तररात्री ती निवली की मतलई सुटते. मतलईवर किनारा सोडावा, खाऱ्या वाऱ्यावर शिडे भरून दक्षिण गाठावी, असा तो हिशेब. तो चुकणे जिवावर बेते.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका गोव्याहून निघाली, तीही याच सुमारास. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. पण खलाशी तिथीपेक्षा वारा पाहतात! नौकेवर दोघीच अधिकारी होत्या, दिलना के. आणि रूपा ए. एकीने निजावे ते दुसरीच्या जागरणाच्या विश्वासावर. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून त्या २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या.

आपल्या वैनगंगाकाठच्या शाळांत मुले हेच वारे ‘समुद्र समीर’ आणि ‘स्थल समीर’ म्हणून शिकतात. परीक्षेपुरते ते ठीकच. परंतु ‘खारे’ म्हणताच ओठांवर जे मीठ येते, ते ‘समीरा’त कोठून यावे? आणि ‘मतलई’ घरात कोणी उच्चारलीच नाही, तर मुलांच्या कानी ती पडणार कशी? दिवाळीत कोकणात जाणाऱ्यांनी मुलांना एकदा पहाटे पुळणीवर न्यावे, समुद्राकडे तोंड करून उभे करावे. मतलई पाठीला लागते.