यंत्रपूजा आणि यंत्रसुरक्षा

खंडेनवमीला भोसरी, चाकण, अंबड वा वाळूज यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. लेथ, ड्रिल, पॉवर प्रेस ही सारी यंत्रे पुसून स्वच्छ केलेली असतात, त्यांना हळदकुंकू वाहिलेले असते, झेंडूच्या माळा घातलेल्या असतात. ज्या यंत्रावर संसार चालतो त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडण्याची ही प्रथा कृतज्ञतेतून आलेली आहे आणि ती जपण्यासारखीच आहे. मात्र, ज्या प्रेसला या दिवशी कुंकवाचे बोट लावले जाते, तीच प्रेस पुढे कधीतरी लावणाऱ्याचे बोट घेऊन जात असेल, तर त्या कृतज्ञतेत काहीतरी राहून गेले आहे, हे मान्य करावयास हवे.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारे यंत्र. दुचाकीच्या ब्रॅकेटपासून स्वयंपाकघरातील ताटल्यांपर्यंत असंख्य वस्तू तिच्याखालून जातात. कामगार पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवतो, रॅम खाली येतो, नग तयार होतो, हात पुन्हा आत जातो. एका पाळीत ही क्रिया शेकडो, कधी हजारो वेळा घडते. हरियाणातील वाहनउद्योगाच्या पट्ट्यात जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. हात चिरडण्याच्या अपघातांत पॉवर प्रेसचा वाटा मोठा असल्याचे आणि जखमी होणाऱ्यांत परराज्यांतून आलेल्या कंत्राटी तरुणांचा भरणा असल्याचे त्यांतून पुढे आले. महाराष्ट्रातील प्रेसशॉपमध्ये यंत्रे तीच आहेत आणि कामाची रीतही तीच आहे.

अपघात घडला की त्याचे कारण तत्परतेने सापडते : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. हे दोन शब्द लिहिले की चौकशी संपते. पण आठ तास एकच हालचाल करणाऱ्या माणसाचे लक्ष एका क्षणासाठीही ढळणार नाही, ही अपेक्षा मुळात अमानुष आहे. माणूस दमतो, त्याला घरची चिंता असते, तिसऱ्या पाळीत त्याचे डोळे मिटतात. चूक होणार हे गृहीत धरून, त्या चुकीची शिक्षा हात तुटण्याइतकी कठोर होऊ नये अशी व्यवस्था करणे, यालाच सुरक्षा म्हणतात. या व्यवस्थेतील एक छोटासा पण कळीचा घटक म्हणजे सुरक्षा रिले.

साधा रिले हा विजेवर चालणारा स्विच असतो. त्याच्या कॉइलमधून प्रवाह गेला की कॉन्टॅक्ट जुळतात व यंत्राला वीज मिळते. प्रवाह थांबला की स्प्रिंग त्यांना विलग करते व यंत्र थांबते. दर वेळी ठिणगी पडते. कधी शॉर्टसर्किट झाले किंवा भार जास्त झाला, की हे कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटून बसतात. मग लाल बटण दाबले तरी ते सुटत नाहीत आणि यंत्र चालूच राहते. सर्वांत घातक गोष्ट ही की, हा बिघाड आधी कोणाच्या ध्यानी येत नाही. थांबण्याची निकड ज्या क्षणी असते, नेमका त्याच क्षणी तो उघड होतो.

सुरक्षा रिलेची रचना या शक्यतेवर उपाय म्हणूनच झाली. जर्मनीतील पिल्झ या कंपनीने १९८७ मध्ये ‘पीनॉझ’ हा आणीबाणीच्या थांब्यासाठीचा रिले बाजारात आणला आणि पुढे अशा रिलेचा वापर जगभर पसरला. वरवर पाहता ही पॅनेलमधील एक अरुंद डबी. तिच्या आत किमान दोन रिले असतात व त्यांचे कॉन्टॅक्ट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे एक चिकटला तरी दुसरा वीज तोडतो. पण एवढ्यावर भागत नाही. एक निकामी झालेला असताना यंत्र दुसऱ्याच्या भरवशावर चालत राहिले, तर तोही निकामी होण्याचा दिवस कधीतरी उगवणारच. म्हणून या रिलेचे सारे कॉन्टॅक्ट एकाच यांत्रिक जोडणीने बांधलेले असतात. मुख्य कॉन्टॅक्ट चिकटला, तर त्याच्या उलट चालणारा तपासणीचा कॉन्टॅक्ट मिटूच शकत नाही. आणि तो मिटल्याखेरीज यंत्र पुन्हा सुरू होत नाही. म्हणजे पहिला बिघाड झाला की यंत्र थांबते आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबलेलेच राहते. स्वतःच्या प्रकृतीविषयी दर वेळी शंका घेणारे आणि शंका फिटल्याशिवाय पाऊल न टाकणारे असे हे उपकरण आहे.

हीच सावधगिरी त्याच्या साऱ्या जोडण्यांत दिसते. लाल बटणापासून येणाऱ्या तारा दोन स्वतंत्र मार्गांनी येतात. तार तुटली, सैल झाली, तर रिले त्याचा अर्थ ‘थांबा’ असाच घेतो. लाल बटण वर ओढल्याबरोबर यंत्र आपोआप सुरू होत नाही. रीसेटचे वेगळे बटण दाबून सोडावे लागते. ते बटण कोणी चिकटपट्टीने दाबून ठेवले, तर चांगला रिले ते मानत नाही. दोन हातांनी चालवायच्या प्रेसवर दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच रॅम हलतो. एक बटण आधीच बांधून ठेवून दुसरा हात डायमध्ये घालण्याची युक्ती तेथे चालत नाही.

तथापि, सुरक्षा रिले म्हणजे गळ्यात बांधावयाचा ताईत नव्हे. थांबण्याची आज्ञा तो अचूक देतो. ती पाळण्याची क्षमता यंत्रात असावी लागते. प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा, म्हणजे लाइट कर्टन, बसविताना हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. किरण तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर बोट ओळखणारा बारीक पडदासुद्धा धोक्याच्या जागेपासून किमान ४०० मिलिमीटर दूर असावा लागतो. तो जवळ लावला, तर यंत्र थांबेल, पण हात गेल्यानंतर. शिवाय आपल्याकडील कित्येक लहान कारखान्यांत अजूनही की-क्लचच्या जुन्या प्रेस आहेत. त्यांची किल्ली एकदा गुंतली की रॅम पूर्ण फेरी मारल्याशिवाय थांबत नाही. अशा प्रेसवर पडदा आणि रिले बसविणे हे फसवे समाधान आहे. तेथे हात आत जाऊच नये अशी बंद डाय, भक्कम जाळी, चिमट्याने नग ठेवण्याची सोय, नाहीतर मधेच थांबू शकणारा हवेच्या दाबावरील क्लच-ब्रेक, हेच मार्ग उरतात.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. जेथे रिले आहे, यंत्रही थांबू शकते, तेथेही अपघात का घडतात? उत्तर पॅनेलचे दार उघडले की सापडते. रिले वारंवार यंत्र अडवू लागला की माल खोळंबतो, ग्राहक कंपनीचा फोन येतो, सुपरवायझर अस्वस्थ होतो. मग वायरमनला बोलावून वीतभर तारेचा तुकडा रिलेला वळसा घालून जोडला जातो. ‘तात्पुरते’ म्हणून जोडलेला तो जम्पर महिनोन्महिने तसाच राहतो. यंत्र घेत असलेली शंका खरी होती की खोटी, हे पाहण्याचेही कष्ट कोणी घेत नाही. कामगार मात्र लाल बटण जागेवर पाहून निर्धास्तपणे हात घालीत राहतो. ज्याने तार जोडली, ज्याने जोडावयास सांगितले आणि ज्याने ती पाहूनही पाहिली नाही, त्यांपैकी कोणाचाच हात त्या डायमध्ये नसतो.

त्या हाताची किंमत कायद्याने आकड्यांत मांडून ठेवली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास मिळकतक्षमतेची हानी ३० टक्के, तर पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के धरली होती. भरपाईसाठी असे कोष्टक लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु कोणत्याही घरात कर्त्या मुलाचे बोट १४ टक्क्यांनी जात नाही. त्या उलट सुरक्षा रिलेची किंमत काही हजार रुपयांची असते. हा हिशेब ज्यांना जमत नाही, त्यांनी उद्योगधर्माच्या गोष्टी करू नयेत.

यंत्राचे धोकादायक भाग झाकलेले असावेत, हे बंधन कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने घातले होते. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. यंत्र बनविणाऱ्याचे व पुरविणाऱ्याचे कर्तव्य तीत आहे. सुरक्षेतील उणीव मालकाच्या वा निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा अधिकारही आहे. पण रात्रपाळीत पॅनेलमध्ये कोणती तार जोडली गेली, हे पाहावयास निरीक्षक येणार नाही. तेथे असतो तो मेंटेनन्सचा अभियंता, सुपरवायझर, लघुउद्योजक. आपल्याच मध्यमवर्गीय घरांतून शिकून गेलेली ही माणसे आहेत.

त्यांच्याकडून अपेक्षा फार मोठी नाही. प्रत्येक पाळीच्या आरंभी लाल बटण दाबून, पडद्यात चाचणीची कांडी धरून यंत्र थांबते की नाही ते पाहावे. पॅनेलची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी. बायपास करण्याची आज्ञा कोणी दिली, तर ती लेखी व सहीनिशी मागावी. बहुतेक आज्ञा तेथेच विरून जातील. मोठ्या कंपन्यांनी पुरवठादाराकडे नगाचे माप तपासताना त्याच्या प्रेसचे पॅनेलही उघडून पाहावे. आणि खंडेनवमीला यंत्र पुसण्यासाठी बंद असतेच, त्या दिवशी आतला प्रत्येक जम्पर शोधून काढून टाकावा. ती पूजा यंत्रालाही पोहोचेल आणि त्यावर राबणाऱ्यालाही.

कामगाराच्या निष्काळजीपणाची चौकशी त्यानंतर खुशाल करावी. तोवर प्रत्येक अपघातानंतर पहिला प्रश्न एकच असावयास हवा : यंत्राने थांबावयाचे नाकारले, की त्याला थांबू दिले गेले नाही?