पायी चालणाऱ्याला वाली कोण?

तालुक्याच्या गावातील हमरस्ता रुंद झाला म्हणजे गावाची प्रगती झाली, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. या रुंदीकरणात प्रथम झाडे जातात, मग घरांचे ओटे जातात आणि अखेरीस, कोणाच्या ध्यानातही न येता, चालण्याची जागा जाते. पदपथ म्हणून जे उरते ते गटारावरील फरश्यांचे झाकण. त्यातली एखादी फरशी फुटलेली, मध्येच विजेचा खांब, पुढे दुकानदाराने बांधलेला उतार आणि त्यावर उभी केलेली मोटारसायकल. पदपथावरून कोणी चालत नाही, मग तो हवा कशाला, असा सवाल वर ऐकवला जातो!

परिणामी एस. टी. स्थानकातून बाहेर पडलेली म्हातारी काय किंवा शाळा सुटल्यावर घोळक्याने निघालेली मुले काय, सारी डांबरावरूनच चालतात आणि पाठीमागून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढीत येत असतो. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2022 साली देशातील रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 32,825 पादचारी होते. म्हणजे दिवसाकाठी सुमारे नव्वद.

तक्रार करावी तर कोणाकडे? रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, गटार नगरपालिकेचे, खांब वीज कंपनीचा, वाहतूक पोलिसांची. पादचारी तेवढा कोणाचाच नाही. मालकीचा हा गुंता सुटतच नाही असे मात्र नव्हे. महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीस सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये मनाई केली, तेव्हा गावांतून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्ग हा दर्जा काढून घेण्यात काही राज्यांनी विलक्षण चपळाई दाखविली, आणि महाराष्ट्रही त्यात मागे नव्हता. दुकानांसाठी जे महिन्या-दोन महिन्यांत जमले, ते शाळकरी मुलांसाठी वर्षानुवर्षे जमत नाही.

कायद्याची उणीव नाही. नियंत्रण नसलेल्या पादचारी मार्गावर वाहनचालकाने थांबून पायी चालणाऱ्यास वाट द्यावी, असे 2017 चे वाहनचालनविषयक नियम सांगतात. पदपथ किमान 1.8 मीटर मोकळा असावा, हा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. पदपथावरून निर्वेध चालता येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये बजावले. आपल्याकडे या साऱ्याची अंमलबजावणी म्हणजे पांढरे पट्टे, आणि तेही पहिल्या पावसाळ्यापुरते. वस्तुतः रुंद, गुळगुळीत रस्त्यावर केवळ रंगाने वाहन थांबत नाही. पादचारी मार्गच पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून घेतला, तर तेथे चालकाला वेग कमी करावाच लागतो. दुभाजकात उभे राहण्यापुरती जागा ठेवली की वृद्धांना दोन टप्प्यांत रस्ता ओलांडता येतो. हे काम गवंड्याचे आहे. त्यासाठी परदेशी अभ्यासदौरा नको.

नगरपालिका जागी होते ती फेरीवाल्यांवरील कारवाईपुरती. भाजीवालीची पाटी उचलली जाते. पक्क्या दुकानाची पुढे आलेली पायरी मात्र जागची हलत नाही. फेरीवाल्यांचे सर्वेक्षण करून त्यांना जागा नेमून द्यावी, असे 2014 चा कायदा सांगतो. भाजीवाली आणि तिचे गिऱ्हाईक, दोघेही पायीच येतात. त्यांच्यात भांडण लावून पदपथ मोकळा होणार नाही.

नगरपालिकेचे अंदाजपत्रक होईल तेव्हा सभासदांनी एवढे तरी मागावे: एस. टी. स्थानकापासून शाळेपर्यंत दोन्ही बाजूंना सलग पदपथ आणि या दोन्ही ठिकाणी उंचावलेला पादचारी मार्ग. आणि बांधकाम खात्याने रुंदीकरणाच्या करारातच अट घालावी, की पदपथ पूर्ण झाल्याखेरीज ठेकेदाराचे अखेरचे बिल निघणार नाही.