सही नंतर, आधी हात दाखवा

"सर, एवढ्या सह्या द्या ना, उद्या सबमिशन आहे."

सगळ्या बॅचच्या लॉगबुकांची चळत टेबलावर ठेवून एकटा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, अजीजीनं उभा. आत लिहिलेलं असतं : शिरेतून इंजेक्शन, टाके घालणं, लघवीची नळी टाकणं. तारखा वेगवेगळ्या, शाई मात्र एकच. मीही अशा सह्या ठोकल्या आहेत, खोटं कशाला बोलू?

एमबीबीएसला २०१९ च्या प्रवेशांपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. नाव जड, पण गोष्ट साधी आहे. किती तास शिकवलं ते सोडा, मुलाला काय करता येतं ते बघा. जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यकशिक्षकानं १९९० साली याची चार मडक्यांची उतरंड रचली होती. तळाला 'माहीत आहे', त्यावर 'कसं करतात ते माहीत आहे', मग 'करून दाखवतो', आणि सगळ्यात वर 'रोजच्या कामात करतो'. आपली लेखी परीक्षा खालच्या दोन मडक्यांतच घुटमळते.

सलाईन लावायचंच घ्या. पुस्तकात ते चार ओळींत उरकतं. वॉर्डात आजींचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो. वर पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची. डोळ्यांना दिसते तिच्यापेक्षा बोटाला लागते ती शीर भरवशाची. स्पिरिट वाळू द्यायचं. कातडी खाली ताणून धरायची, नाहीतर म्हाताऱ्या हातावर शीर निसटते. सुईच्या मागच्या बाजूला रक्त दिसलं की सुई आडवी करून किंचित आत न्यायची, मग ती तशीच धरून प्लॅस्टिकची नळी पुढे सरकवायची. आणि हे करता करता "आजी, आता टोचेल हं" हेही म्हणायचं. रुग्णाशी बोलणं हासुद्धा आता शिकवायचा विषय आहे, बरं का.

आमचा एक इंटर्न रक्त दिसल्याबरोबर इतका हरखला की त्यानं सुईच मागे ओढली. आजींचा हात बघता बघता काळानिळा झाला. शेवटी सिस्टरनी दुसऱ्या हाताला सलाईन लावलं. त्या मुलाच्या लॉगबुकात या कौशल्यासमोर 'पूर्ण' असा शेरा आणि खाली सही होती. माझीच.

मुलांनो, स्किल लॅबमधला रबरी हात तुमच्यासाठीच ठेवलाय. त्यावर दहादा चुकलात तरी कुणाची शीर फुटत नाही. इंटर्नशिपचं वर्ष पीजीच्या एमसीक्यूंत घालवण्याचा मोह मला कळतो, कारण रँक त्यावरच लागतो आणि घरचेही तेवढंच विचारतात. पण कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता चार पर्याय देऊन पेशंट येत नाही.

आईबाबांनो, मुलगी सुट्टीला घरी आली की टक्के विचारण्याआधी विचारा, "या महिन्यात स्वतःच्या हातानं काय केलंस?" ती उत्साहानं सांगू लागली तर फी सत्कारणी लागतेय. ती विषय बदलू लागली, तर कॉलेजातल्या शिक्षकांना भेटा.

माझ्या सहकाऱ्यांनो, दीडशेच्या वर्गात प्रत्येकाचा हात बघायला वेळ कुठून आणायचा, ही तक्रार माझीही आहे आणि ती खरी आहे. तरी लॉगबुकात 'पुन्हा करा' असा शेरा मारायची सोय आहे. इतक्या वर्षांत मी तो बोटांवर मोजण्याइतकाच वापरला. तो शेरा म्हणजे नापास नव्हे. ती मुलाला आणखी एक संधी आहे.

तर माझ्या बॅचला जाहीर सूचना : यापुढे लॉगबुकं गठ्ठ्यानं आणू नका. एकेकानं या, स्किल लॅबमध्येच या, आणि येताना हात धुऊन या.