गच्ची कोणाची?

सौर ऊर्जेविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बहुतेक लेखनास एक गच्ची गृहीत असते. ती सपाट असते, मोकळी असते, शेजारच्या इमारतीची सावली तिच्यावर पडत नाही आणि मुख्य म्हणजे ती आपल्या मालकीची असते. उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये, गोल मैदानाच्या आसपासच्या गल्ल्यांतून अशी गच्ची शोधू लागले की हे गृहीतक किती महाग आहे ते कळते. आम्ही सौर ऊर्जेचे विरोधक नाही. राज्याच्या वीजव्यवहारातले हे फार मोठे स्थित्यंतर आहे, असेच आमचे मत आहे. या स्थित्यंतराच्या नकाशात आमची वस्ती कोठे बसते, एवढाच प्रश्न आहे.

शेतीच्या बाजूने पाहिले तर चित्र खरोखरच आशादायक आहे. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०२३ मध्ये नव्या रूपात आली आणि तिचे उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॉटपर्यंत गेले. रात्री-बेरात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला साप-बिबट्याचे भय टळून दिवसा वीज मिळावी, ही त्यामागची कल्पना. जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे त्याला सूर्य भाडे देतो.

घरांच्या छपरांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. हिशेब सोपा आहे. त्यात फक्त छप्पर आपले हवे.

आता आमच्या छपरांची कुळकथा. कल्याणची लष्करी छावणी युद्धानंतर रिकामी झाली, सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तिथल्या बराकींत राहू लागली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले. बराकींची छपरे अनेकांत वाटलेली. पुढे त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील किती परवानगीने आणि किती परवानगीविना, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली केवळ या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. एका गावासाठी एक कायदा, हा मान फार थोड्यांना मिळतो! असो. अशा इमारतीत गच्ची कोणाची? बिल्डरची, वरच्या मजल्यावाल्याची, की अजून जमिनीचे अभिहस्तांतरण न झालेल्या सोसायटीची? हे ठरल्याखेरीज अर्जावर सही कोण करणार?

त्याहून गंभीर गोष्ट स्लॅबची. मे २०२१ मध्ये कॅम्प १ मधील मोहिनी पॅलेस आणि पंधरवड्यातच कॅम्प २ मधील साईसिद्धी या इमारतींत वरचा स्लॅब खालचे मजले फोडत कोसळला आणि माणसे गेली. सौर पट्ट्या तशा जड नसतात. धोका त्यांच्या वजनात नाही. पावसाळी वाऱ्याने त्या उचलल्या जाऊ नयेत म्हणून ठेवायचे काँक्रीटचे ठोकळे, किंवा बोल्टांसाठी पाडलेली भोके आणि त्यांतून गंजक्या सळयांपर्यंत झिरपणारे पाणी, यांत तो आहे. ज्यांनी गळतीला कंटाळून गच्चीवर पत्र्याची शेड घातली, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

साठवणुकीचे मात्र या भागाला अप्रूप नाही. भारनियमनाच्या काळात जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आणि तिच्यात ओतायचे डिस्टिल्ड वॉटर, हा घराघरांतला अनुभव आहे. मोठ्या प्रमाणावरची साठवण आमच्याच ठाणे जिल्ह्याच्या कडेला आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वरच्या आणि खालच्या जलाशयांत सुमारे चारशे मीटरचे अंतर. विजेची चणचण नसेल तेव्हा पाणी वर चढवायचे, संध्याकाळी खाली सोडायचे. औष्णिक केंद्रांची रात्रीची शिल्लक वीज वापरावी, हा त्यामागचा जुना विचार. आता शिल्लक दुपारी पडू लागल्याने तेच यंत्र उलट्या घड्याळाने चालवण्याची वेळ येत आहे. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तरच्या आसपास परत मिळतात. ही तूट म्हणजे संध्याकाळच्या दिव्याची किंमत. कर्जतजवळच्या भिवपुरीलाही टाटा पॉवरचा १००० मेगावॉटचा असाच प्रकल्प योजलेला असून २०२३ मध्ये त्याबाबत राज्य शासनाशी करार झाला. भिवपुरीचे जुने वीजकेंद्र १९२२ चे. तेथून सुटलेले पाणी उल्हास नदीला मिळते आणि तीच नदी आमची तहान भागवते. आमच्या नळाचे पाणी आधी टर्बाइन फिरवून आलेले असते, हे इथे किती जणांना ठाऊक असेल?

म्हणूनच आमचा आग्रह असा की ज्याला छप्पर नाही त्याला सूर्यातला वाटा छपराखेरीज मिळाला पाहिजे. दिल्लीत २०१९ पासून आभासी नेट मीटरिंगची तरतूद आहे: संच दुसरीकडे, वाटा आपल्या बिलात. शाळा, बाजार आणि कारखान्यांच्या भक्कम छपरांवर, नाहीतर मुरबाडकडच्या माळावर असा संच उभारून कॅम्प १ च्या भाडेकरूला त्यातले एक किलोवॉट घेता आले, तर अनुदानही त्याच्यामागे जावे. तसे झाले नाही तर छप्परवाले आपापली बिले शून्यावर आणतील आणि तारांचा, रोहित्रांचा खर्च उरलेल्यांत वाटला जाईल. त्या उरलेल्यांत आम्ही असू.

दिवसा नऊ ते पाचच्या विजेस सवलत देण्याचा विचार २०२५ च्या वीजदर प्रक्रियेत पुढे आला, तो आम्हांस याच कारणाने महत्त्वाचा वाटतो. ज्या खोलीत शिलाईयंत्र दिवसभर चालते, तिथे पट्टी न बसवताही उन्हाचा थोडा लाभ पोहोचू शकतो. मात्र नोकरीवरून रात्री आठला शहाडला उतरणाऱ्याचा पंखा तेव्हाच सुरू होतो, आणि त्याच्या वाट्याला दुपारची वीज यायची तर घाटघर-भिवपुरीसारखे तलाव भरलेले हवेत. त्या साठवणुकीचा खर्च कोणत्या ग्राहकावर किती बसवायचा, यावरील सुनावण्यांत बराकीतला माणूस बोलायला जात नाही. त्याच्या वतीने महापालिकेने जावे. धोकादायक इमारतींची यादी ती दरवर्षी काढतेच. संच पेलतील अशा छपरांचीही एक यादी तिने काढावी.